कार्टचं इंजिन सीलला द्यायच्या आधी

बऱ्याच दिवसांपासून हे लिहायचं होतं. कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या रेसचा, सीझन जवळ आला की फोन सुरू होतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, दादा, इंजिन जरा पळतं करून द्या. इंजिन सीलला जाणार आहे, म्हणजे तपासून बंद करून घ्यायचंय, तर आधी आत काय काय बघून घ्यायचं, टेक्निकलला, म्हणजे रेसनंतरच्या तपासणीला, उघडलं तर कुठं कुठं मोजतात, हे विचारणारा क्वचित भेटतो. आणि माझं स्पष्ट मत आहे की निम्मं काम तिथंच असतं. पळणारं इंजिन बांधणाऱ्यांची आमच्या कोल्हापुरात कधीच कमी नव्हती, उद्यमनगरात चक्कर टाका, लेथवर बसलेला दर दुसरा माणूस तुम्हाला पोर्टवर, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांवर, भाषण देईल. पण कुणीही कधीही खोलावं आणि प्रत्येक माप नियमात बसावं असं इंजिन बांधणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि पोरानं जिंकलेला कप घरी राहतो का परत द्यावा लागतो ते यावर ठरतं.

मी बोलतोय ते रोटॅक्स मॅक्सबद्दल. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, हे ऑस्ट्रियात बनणारं १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिंगल सिलिंडर, वॉटर कूल्ड, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ५४ आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली धाव ५४.५ मिलीमीटर, हिशोब केला तर १२४.८ सीसी येतात. सीनियर मॅक्सला साधारण ३० हॉर्सपॉवर. आपल्या रस्त्यावरची १२५ ची कम्युटर बाईक ११ च्या आसपास देते, त्यावरून अंदाज करा. रोटॅक्स मॅक्स चॅलेंज २००० सालापासून जगभर चालतं, आपल्याकडं नॅशनल कार्टिंगपण बरीच वर्षं याच इंजिनवर होतंय, मायक्रो, ज्युनियर, सीनियर असे क्लास, आणि आमच्या इथल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर त्याचे राउंड झालेत. सगळ्या खेळाची कल्पना अशी आहे की इंजिन सगळ्यांचं सारखं, फरक चालवणाऱ्या पोरात. ही कल्पना नुसत्या पुस्तकातल्या नियमानं टिकत नाही, ती सीलमुळं टिकते.

सील दिसायला अगदी साधं असतं. एक बारकी केबल आणि तिच्यावर दाबून बसवलेला काळ्या ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा, त्यावर रोटॅक्सचं नाव, नंबर आणि बारकोड. केबल तीन ठिकाणांतून ओवलेली असते, इनटेक फ्लँजचा एक ॲलन स्क्रू, सिलिंडरचा एक स्टड आणि हेड कव्हरचा एक ॲलन स्क्रू. या तीन जागा का, तर केबल असेपर्यंत हेड निघत नाही, सिलिंडर उचलता येत नाही आणि रीडला, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या पातळ पाकळ्यांना, हात लागत नाही, म्हणजे ज्या जागी कानस फिरवली की पॉवर मिळते त्या सगळ्या जागा एका केबलीत बंद. सील मारायचा अधिकार फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरला. आणि ते सील मारतात म्हणजे नुसती केबल दाबत नाहीत, आतलं सगळं नियमात आहे याची जबाबदारी ते स्वतःवर घेतात, इंजिनच्या ओळखपत्रावर सीलचा नंबर लिहून शिक्का आणि सही करतात. त्यामुळं सेंटरवाला माणूस तासन्‌तास मोजत बसला तर वैतागू नका, त्याचं नाव त्या कार्डवर जाणार आहे.

मग आपल्या हातात काय राहतं? बरंच राहतं. कार्ब्युरेटरचा मेन जेट, नीडलची क्लिप, प्लग, स्प्रॉकेट, क्लचची निगा, रेडिएटरचं तापमान, सीनियरला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढून साफ करणं, हे सगळं सील न तोडता होतं. रेसच्या दिवशी सकाळी हवा गार, दुपारी ऊन तापलेलं, तेव्हा जेट कुठला घालायचा हे ज्याला कळतं तो माणूस सीलच्या आतल्या सगळ्या चोरट्या कामापेक्षा जास्त वेळ वाचवून देतो, हे मी छातीठोक सांगतो. पण आजचा विषय तो नाही, कार्ब्युरेटरवर वेगळं लिहीन.

तर तयारी. इंजिन सेंटरला द्यायच्या आधी मी काय करतो ते सांगतो, क्रम माझा आहे, तुमचा वेगळा असू शकतो.

आधी धुणं. हसू नका, हे महत्त्वाचं आहे. कार्टचं इंजिन जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं, चेनचं ग्रीस, टायरचं रबर, ट्रॅकची माती सगळं त्याच्यावर, आणि ॲलन स्क्रूच्या डोक्यात माती घट्ट बसलेली असली की पाना पूर्ण आत जात नाही आणि डोकं गोल होतं. सीलचाच स्क्रू असा गोल झाला आणि टेक्निकलला तो निघेना, की अधिकारी समोर उभा, बाकीच्या टीम रांगेत, आणि तुम्ही ड्रिल शोधताय. तयारीच्या वेळीच असे स्क्रू बदलून टाकायचे, ओरिजिनल तेच घालायचे, बाजारातला मिळताजुळता चालेल असं म्हणायचं नाही.

मग सेंटरवाल्याला सांगून, त्याच्या समोर जुनं सील कापून इंजिन खोलायचं आणि कार्बन काढायचा. इथं लोक उत्साहात घोळ करतात. पिस्टनचा माथा आणि हेडमधला तो कंबश्चन चेंबरचा इन्सर्ट, म्हणजे जिथं मिश्रण जळतं तो वाटीसारखा सुटा भाग, चकाचक दिसावा म्हणून पॉलिश पेपर मारतात, कुणी कुणी बफला लावतात. अजिबात करू नका. मनात काहीही नसलं तरी एमरीचे ओरखडे आणि मुद्दाम घासलेल्याचे ओरखडे यात बघणाऱ्याला फरक दिसत नाही, आणि का दिसावा? त्याच्यासमोर फक्त धातू असतो. कार्बन क्लीनरमध्ये रात्रभर भिजत ठेवायचं, सकाळी प्लॅस्टिकच्या पट्टीनं नाहीतर बांबूच्या चपट्या तुकड्यानं खरवडायचं, कापडानं पुसायचं. थोडा काळा डाग राहिला तर राहू दे.

सिलिंडरच्या बाबतीत नियम एकदम कडक आणि माझ्या मते बरोबर आहे. आतला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर पुन्हा चढवायचा नाही, बोअर एक्झॉस्ट पोर्टच्या वर १० मिलीमीटरवर मोजायचा आणि तो जास्तीत जास्त ५४.०३५ असू शकतो. बघा, ५४ वर फक्त ३५ मायक्रॉन. इथंच तापमानाचा प्रश्न येतो जो शाळेत शिकलेला असतो पण वर्कशॉपमध्ये कुणाला आठवत नाही. ॲल्युमिनियम दर डिग्रीला मीटरमागं साधारण २३ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ५४ मिलीमीटरचा बोअर ५० डिग्रीनं तापला तर ०.०६ मिलीमीटरनं मोठा दिसणार, नियमानं दिलेल्या सगळ्या मुभेच्या जवळपास दुप्पट! नुकतंच ट्रॅकवरून आलेलं इंजिन कुणी घाईनं मोजायला घेतलं तर धडधाकट सिलिंडरपण बाद होईल. म्हणून इंजिन गार होऊ द्या अशी विनंती करणं हा तुमचा हक्क आहे, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही, चांगले अधिकारी स्वतःच थांबतात. आणि घरी मोजतानापण एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोनला मोजलेलं माप आणि सकाळी मोजलेलं माप एकच धरू नका, बोअर गेज ज्या रिंगवर सेट करताय ती रिंग आणि सिलिंडर दोन्ही एका तापमानाला येऊ द्या, रात्रभर एकाच टेबलावर ठेवले की झालं.

पोर्टना हात लावायचा नाही. बस. कास्टिंगचा खरखरीतपणा जसा कारखान्यातून आला तसाच राहायला पाहिजे, नखानं चाचपला तरी कळतो तो. फक्त एक गोष्ट माहिती असावी, एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला कंपनीनंच केलेल्या मशीनिंगच्या खुणा असू शकतात आणि नियमात त्याला मुभा आहे. एखाद्या नवीन पोराचा बाप पहिल्यांदा सिलिंडर बघतो आणि म्हणतो, हे कुणीतरी घासलंय, आपल्याला फसवलं. नाही काका, ते तसंच येतं. शंका आली तर कडेची उंची गेजनं बघायची, गेजचा हूक पोर्टच्या वरच्या कडेला खालून अडकवायचा, वर ओढायचं आणि सिलिंडरच्या माथ्यावर फीलर गेजनं, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्टीनं, फट तपासायची. डोळ्यानं ठरवायचं नाही.

आता स्क्विश. माझ्या मते सगळ्या तपासणीत सगळ्यात रंजक आणि सगळ्यात जास्त लोकांना गोत्यात आणणारी गोष्ट हीच.

पिस्टन एकदम वर आला की त्याची कड आणि हेडची कड यामध्ये जी बारीक फट राहते ती स्क्विश. ती जितकी कमी तितकं मिश्रण कडेनं जोरात मध्याकडं ढकललं जातं, जळणं चांगलं होतं, कॉम्प्रेशनपण वाढतं, म्हणून सगळ्यांना ती कमी पाहिजे असते. सीनियर मॅक्सला नियम १.०० ते १.५० मिलीमीटर, ज्युनियरला खालची हद्द १.२० आहे. मोजायचं कसं, तर २ मिलीमीटरची सोल्डरची तार प्लगच्या भोकातून आत घालायची, टोक सिलिंडरच्या भिंतीला टेकलं पाहिजे, आणि क्रँक हातानं सावकाश फिरवून पिस्टन माथ्यावरून पलीकडं न्यायचा. तार टोकाला चपटी होऊन निघते, ते टोक व्हर्नियरनं मोजायचं. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, आणि तेपण गजन पिनच्या, म्हणजे पिस्टन ज्या पिनवर बसतो तिच्या, रेषेत. पिनच्या रेषेतच का, कारण पिस्टन पिनवर पुढंमागं डुलतो, तुम्ही एक्झॉस्टच्या बाजूला तार घातलीत तर पिस्टन कलून आकडा काहीही येईल. दोन्ही बाजूंची सरासरी धरतात.

यात हात बसायला वेळ लागतो. तार जरा वाकडी गेली, भिंतीपासून सुटली, तर जाड माप येतं आणि माणूस खूश होतो की फट भरपूर आहे, मग सिलिंडरखालचं पॅकिंग काढून पातळ घालतो. क्रँक झटक्यात फिरवला तरी माप बदलतं. तार माथ्याच्या अलीकडे-पलीकडे दोनदा दाबली तरीही बदलतं. मी तर म्हणेन व्हर्नियरपेक्षा तार धरायचा हात महत्त्वाचा, आणि तोच हात सेंटरवर, तोच घरी, असं असावं, दोन माणसांनी मोजलेले आकडे एकमेकांशी लावत बसू नये.

फट जुळवायची ती सिलिंडरच्या खालच्या पॅकिंगनं, वेगवेगळ्या जाडीची मिळतात. पण लक्षात घ्या, पॅकिंग पातळ केलं की सिलिंडर खाली येतो, म्हणजे एक्झॉस्ट पोर्टसुद्धा खाली येतो आणि उशिरा उघडतो. जाड केलं तर उलट. एका कागदासारख्या पॅकिंगनं स्क्विश, कॉम्प्रेशन आणि पोर्टचं टायमिंग तिन्ही हलतात, म्हणून नुसतं स्क्विशच्या मागं लागलेल्या माणसाचं इंजिन वरच्या आरपीएमला दम टाकतं आणि मग तो कार्ब्युरेटरला शिव्या देतो.

आता मुद्द्याची गोष्ट. लोक हौसेनं १.०० वर आणून ठेवतात, फारच सावध असेल तर १.०२. कागदावर कायदेशीर आहे. पण रेसचा वीकएंड संपल्यावर टेक्निकलला इंजिन मोजतात तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा थर बसलेला असतो, हेडवर पण, आणि तार त्या थरासकट दाबली जाते. वर पॅकिंगही गरम-गार होऊन दबतं. सेंटरवर १.०२ असलेलं इंजिन रविवारी संध्याकाळी १ च्या खाली सापडणं यात कुणाचाही खोटेपणा नसतो, पण आकडा आकडा असतो, ०.९८ म्हणजे बाद, आणि व्हायलाच पाहिजे. म्हणून मी काठावर कधीच ठेवत नाही, १.१० च्या आसपास ठेवतो. त्यानं किती वेळ जातो? मला स्टॉपवॉचवर तरी दिसलेला नाही. चांगल्या पोरानं एक ब्रेकिंग पॉइंट, म्हणजे वळणाआधी ब्रेक मारायची जागा, नीट पकडला तर त्याच्या कितीतरी पट मिळतो. पण हे बापांना पटवणं अवघड असतं, कारण १.०० हा आकडा विकत घेता येतो आणि ब्रेकिंग पॉइंट येत नाही.

इन्सर्टबद्दल एक प्रसंग सांगतो, म्हणजे टेम्प्लेट काय करतं ते कळेल. सांगलीकडचे एक काका, पोराला सीनियरमध्ये पहिल्यांदाच उतरवत होते, सेकंडहँड इंजिन घेतलेलं, घेताना विकणाऱ्यानं सांगितलं इंजिन एकदम कडक आहे, सील पण आहे. सील होतं खरंच, शाबूत होतं. मी कार्ड मागितलं. कार्डावरचा सीलचा नंबर आणि इंजिनवरच्या सीलचा नंबर जुळेना, शेवटचे दोन आकडे वेगळे. काका म्हणाले, "दादा, सील तर तुटलेलं नाही ना, मग अडचण काय?" अडचण ही की त्या कार्डावर ज्यानं सही केलीय त्यानं हे इंजिन या अवस्थेत बघितलेलंच नाही. मधे कुणीतरी उघडलंय, परत सील झालंय, आणि त्याची नोंद नाही. अशा इंजिननं ट्रॅकवर जाऊन स्क्रूटिनीच्या, म्हणजे तपासणीच्या, टेबलावर उभं राहायचं म्हणजे पोराची वीकएंड तिथंच संपली असती.

सेंटरवर नेलं, सील कापलं, हेड काढलं. पिस्टन ठीक, सिलिंडर ठीक, बोअर मापात. इन्सर्ट हातात घेतला तर वरवर काहीच दिसत नव्हतं, नाव, कोड सगळं जागच्या जागी. मग सेंटरच्या माणसानं टेम्प्लेट लावलं. टेम्प्लेट म्हणजे चेंबरच्या गोलाईचा उलटा आकार कापलेली धातूची पट्टी, ती इन्सर्टमध्ये उभी धरायची आणि दिव्यासमोर बघायचं. पट्टी आणि धातू यामधून जी प्रकाशाची रेघ दिसते ती सगळीकडं सारख्याच जाडीची पाहिजे, हीच तपासणी, याला आकडा नाही. मध्यभागी रेघ केसाएवढी होती आणि कडेला स्क्विशच्या पट्ट्यावर येता येता ती रुंद होत गेलेली, एका बाजूला जास्त. इन्सर्ट फिरवला तशी ती रुंदी पण फिरली, म्हणजे पट्टीचा दोष नाही, धातूच खाल्लेला आहे. कुणीतरी पट्ट्याचा कोन बदलला होता, हातानं, बरं कामही नीट नव्हतं. काका बराच वेळ तो इन्सर्ट दिव्यासमोर धरून बघत बसले, मग एवढंच म्हणाले, "मग हे विकलं कसं त्यानं?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

नवीन इन्सर्ट घातला, त्याची उंची बघितली, २८.८० मिलीमीटरला नियमात जो फरक चालतो त्यात होती, स्क्विश परत जुळवलं, पॅकिंग बदलावं लागलं, पोर्टची उंची परत गेजनं बघितली, नवीन सील, नवीन नोंद, सही. पोरगं ग्रिडवर उभं राहिलं. मागच्या फळीत संपवलं त्यानं, पहिल्या रेसला तेवढं पुष्कळ, पण टेक्निकलला रँडम म्हणून त्याचंच इंजिन उचललं तेव्हा काका माझ्याकडं न बघता स्वतः कार्ड घेऊन टेबलाकडं गेले, ते बघून मला फार बरं वाटलं.

म्हणून सेकंडहँड घेणाऱ्यांना हात जोडून सांगणं, सील बघू नका, सील आणि कार्ड जोडीनं बघा, इंजिनचा नंबर, सीलचा नंबर, शिक्का, सही, तारीख. आणि तरीही घेतल्यावर एकदा उघडून सगळं मोजून घ्या. सीलचा पैसा वाया जाईल म्हणून लोक उघडत नाहीत. लाखांच्या घरातल्या खेळात कुठं वाचवायचं ते चुकतं.

सील शाबूत असणं म्हणजे सगळं चोख असणं, हा समज तर मोठ्या खेळातपण खोटा ठरलाय. १९९५ ची वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप, स्पेनमधली कॅटालुन्याची रॅली, टोयोटाची सेलिका गाडी. तेव्हा टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलीमीटरचा रेस्ट्रिक्टर सक्तीचा होता, म्हणजे किती हवा आत जाणार ते त्या भोकानं ठरणार. टोयोटाच्या टीमनं तो असा बसवला होता की होज क्लॅम्पनं आवळला की आतला रेस्ट्रिक्टर स्प्रिंगांच्या विरुद्ध काही मिलीमीटर सरकायचा आणि त्याच्या बाजूनं जास्तीची हवा जायची, आणि तपासायला होज काढला की सगळं आपोआप जागेवर परत! बघणाऱ्याला रेस्ट्रिक्टर बरोबर, जागा बरोबर, माप बरोबर. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनीसुद्धा कबूल केलं की इतकी हुशारीची युक्ती बऱ्याच काळात बघितली नव्हती, आणि मग टीमचे त्या वर्षीचे सगळे पॉइंट गेले आणि पुढचं १९९६ चं वर्षही बंदीत गेलं. मला या गोष्टीचं वाईट अशासाठी वाटतं की ज्या इंजिनिअरांना हे सुचलं त्यांना नियमात राहून काय काय सुचलं असतं. आणि तपासणाऱ्यानं ते पकडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याच्या उलट टोक म्हणजे रोटॅक्सची ग्रँड फायनल्स. तिथं कार्ट आणि इंजिन तुम्ही न्यायचंच नाही, तिथं दिलेलं घ्यायचं, चिठ्ठी काढून. कुणाला कुठलं येईल ते नशीब. माझ्यासारख्या इंजिनवाल्याला तिथं कामच नाही, तरी मला ती पद्धत मनापासून आवडते, पण देशातल्या राउंडला ते परवडत नाही, म्हणून सील.

सील बसल्यावरची निगा पण सांगतो, कारण लोक सील मारून आणलं की विसरतात. केबल फार ढिली असली तर ती कंपनानं घासत राहते, एक्झॉस्टच्या स्प्रिंगला, वायरिंगला, आणि एक दिवस तार सुटलेली दिसते. तुटलेली केबल म्हणजे तुटलेलं सील, ती घासून तुटली का कापली हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. सेंटरवरच बघा केबल कुठून जातेय, तिथंच सांगा. प्रेशरच्या पाण्यानं धुताना पाईप सीलवर धरू नका. ब्रेक क्लीनर मारून त्यावरचा नंबर पुसट करू नका, बारकोड वाचता आला पाहिजे. आणि प्रत्येक सेशननंतर पोराला स्वतः सील बघायची सवय लावा, गाडी स्टँडवर चढली की पहिली नजर तिकडं. कार्ड झिपलॉकच्या पिशवीत, टूलबॉक्सच्या झाकणात, आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो. फोटो चालत नाही टेबलावर, पण कार्ड हरवलं तर सेंटरला नंबर तरी सांगता येतो.

शेवटी तपासणीचा दिवस. रेस संपली की गाडी पार्क फर्मेमध्ये, म्हणजे तपासणीसाठी राखलेल्या बंद जागेत, जाते, तिथं हात लावायचा नाही, चेनवर पडलेली माती झटकायलासुद्धा नाही. उघडायला सांगितलं तर साधारणपणे तुमचाच मेकॅनिक उघडतो, अधिकारी बघत उभे असतात. तेव्हा गडबड करू नका. ॲलन की, टॉर्क रेंच, स्वच्छ कापड, सुटे भाग ठेवायला ट्रे, हे आपलं आपलं न्यावं. प्रत्येक भाग काढला की ट्रेमध्ये मांडायचा, जसा निघाला तसा, पुसायचा नाही. मोजताना मधे बोलू नका. आकडा पटला नाही तर एकच वाक्य पुरतं, "सर, एकदा परत मोजूया का?" आणि तेपण आवाज न चढवता. ते मोजतात परत, मी आजवर नाही म्हणालेला अधिकारी बघितला नाही. पोराला तिथं उभं करा, पाठवून देऊ नका. आपलं इंजिन कोण उघडतंय, काय मोजतंय, का मोजतंय, हे त्याला त्या वयात कळलं तर पुढं बाईक चालवो नाहीतर फॉर्म्युला कार, तो टेक्निकलच्या टेबलाला घाबरणार नाही. बापांनी मात्र जरा लांब थांबावं, खरंच.

उघडून सगळं नीट निघालं की नवीन सील बसतं, नवीन नंबर, कार्डावर नवीन ओळ. ती ओळ तिथल्या तिथं वाचून घ्या, आकडे स्वतः जुळवून घ्या, गाडी ट्रेलरवर चढवायच्या आधी.

ज्यांना या सीझनच्या आधी इंजिन तपासून सीलला द्यायचंय त्यांनी राउंडच्या आठवड्यात फोन करू नका, किमान तीन आठवडे आधी करा. पॅकिंग, रीड, इन्सर्ट कुठला लागेल ते उघडल्याशिवाय कळत नाही आणि मागवलेला भाग वेळेत येईलच असं नाही. येताना कार्ड आणा, शेवटचं कधी खोललं होतं आणि त्यानंतर साधारण किती तास चाललं ते लिहून आणा, आणि इंजिन धुवू नका, मातीसकट आणा, गळती कुठं आहे ते मातीवरच दिसतं. धुणं आपण इथं करू.